लितियाला काय वाटतं

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
रविवार, ८ फेब्रुवारी १९८७

प्रिय प्रल्हादमामा,

वाकून नमस्कार करायची सोय कागदावर नाही, तेव्हा केला असं धरून पुढे वाचा. फोन सोडून पत्र का लिहिते आहे, असं वाटेल. आमचा फोन स्वयंपाकघरात, आणि हा विषय काढला की हेमचंद्र पेपर खाली ठेवून मोठा उसासा टाकतो. तुमच्याकडे फोन उचलते तुमची सून, वीणावहिनी. तिच्या कानावर घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत एडिसनमधल्या सगळ्या मराठी घरांत पोचते. (हे वाक्य तिला वाचून दाखवू नका.)

विषय नंदाचा आहे. काल वीस महिने पूर्ण झाले तिला, आणि अजून एक शब्द नाही. आई नाही, बाबा नाही, दूध नाही. रडते, खदखदून हसते, ओरडते, पण बोलत नाही. हाक मारली तर कधी बघते, कधी ढिम्म हलत नाही. डॉक्टरांनी तिच्यामागे टाळी वाजवून पाहिली, तेव्हा वळली होती. ते म्हणाले, घरात दोन-तीन भाषा असल्या की मुलं उशिरा बोलतात, दोन वर्षांपर्यंत थांबा. हेमचंद्र म्हणतो, "यार, तू उगाच टेन्शन घेतेस. मी स्वतः तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, आता मीटिंगमध्ये मला गप्प करावं लागतं." सगळे समजूत घालतात, म्हणून मला जास्तच भीती वाटते.

दिवसाचे नऊ तास नंदा तिला सांभाळणाऱ्या लितियाजवळ असते. मी ऑफिसला जायला लागल्यापासून, म्हणजे वर्ष झालं. लितियाला माझ्यापेक्षा जास्त दिसत असणार. पण तिला काही विचारा, मान डोलावून "इओ, इओ, व्हेरी गुड" एवढंच म्हणते, म्हणजे हो-हो. "लितिया, नंदा ठीक आहे ना?" "इओ." "काही वेगळं वाटतं का?" "विनाका, गुड गर्ल." एकदा मी वैतागून विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं?" तर ती धुतलेले टॉवेल पुन्हा उलगडून पुन्हा घड्या घालायला लागली.

तुम्ही अकरा वर्षं फिजीच्या साखर कारखान्यात केमिस्ट होतात. दिवाळीत इथे आलात तेव्हा तिच्याशी तिच्या भाषेत बोललात, तर बाई केवढी खुलली होती! मला एवढंच शिकवा, की फिजीच्या भाषेत एखाद्याचं मत कसं विचारतात. इंग्रजीत विचारलं की ती कामवाली बाई होते आणि मी मालकीण. तिच्या भाषेत विचारलं तर कदाचित खरं सांगेल.

लवकर लिहा. मी रोज पोस्टाची पेटी बघते.

तुमची,
कांचन


एडिसन, न्यू जर्सी
१९ फेब्रुवारी १९८७

चिरंजीव कांचन,

आशीर्वाद, नेहमीचे आणि वर थोडे जास्तीचे. पत्र वीणाने उघडलं नव्हतं. (पण लिफाफा दिव्यासमोर धरून बघितला असावा.)

तुझा प्रश्न मला आवडला. लोक परक्या भाषेत आधी शिव्या शिकतात, नाहीतर "बाथरूम कुठे आहे" शिकतात. मत विचारायला शिकणारी तू पहिलीच.

तर ऐक. सरळ प्रश्न असा: "अ धावा ना नोमुनि राई?" म्हणजे, आपल्याला कसं दिसतं? तिकडे मत म्हणजे दिसणं. 'नोमुनि' हे आपल्या 'आपलं'सारखं आदराचं. तिने उत्तराची सुरुवात "एना नोंग्गु राई" अशी केली, की समज, माझ्या नजरेला असं दिसतं, आणि आता कान टवकारून बस. "दे दुआ" म्हणाली तर त्याचा अर्थ कदाचित. आणि कदाचित म्हणजे तिकडे बहुतेक वेळा नक्की असतं, फक्त वर पांघरूण घातलेलं.

पण नुसते शब्द पाठ करून भागणार नाही, बाई. उभ्याने विचारू नकोस. तीही जमिनीवर, तूही जमिनीवर. तिच्या डोक्यावरून हात नेऊन फळीवरची वस्तू काढू नकोस. लगेच उत्तर मागू नकोस. आमच्या कारखान्यातला एक मुकादम मी प्रश्न विचारल्यावर इतका वेळ गप्प बसायचा की मी मध्ये चहा पिऊन यायचो. आणि समोरच्याला वाईट वाटेल असं मत तोंडावर सांगणं तिकडे असंस्कृतपणाचं. पुण्याच्या माणसाला तिथे पहिली दोन वर्षं जिभेला गाठ मारूनच काढावी लागतात.

खरं सांगायचं तर त्या बिचारीला फार छेडू नकोस. ती शिकलेली नाही, तिला काय कळणार! कामाची बाई चांगली मिळाली आहे, ती टिकव.

गुडघा दुखतो आहे. बर्फ कंबरेएवढं. नीट राहा.

प्रल्हादमामा

ता.क. पोरीला एकदा डोळे, कान, घसा अशा सगळ्याच डॉक्टरांकडे सहज दाखवून आण. लहानपणी एकदा सगळंच तपासलेलं बरं. सहज म्हणतोय हं.


फ्रीमाँट
१५ मार्च १९८७

प्रिय मामा,

तुमचं वाक्य मी आठवडाभर गाडीत घोकलं. फ्रीवेवर बाजूच्या गाडीतला माणूस बघायचा, ही बाई एकटीच कोणाला विचारते आहे!

काल शनिवार होता आणि हेमचंद्र ऑफिसात. लितिया मुद्दाम येऊन नंदाचे कपडे आवरत होती. मी जमिनीवर तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, "अ धावा ना नोमुनि राई?" आणि नंदाकडे हात केला.

मामा, तिचा चेहरा बघायला हवा होतात. आधी हसू आलं, मग डोळे भरले. हातातलं काम तिने खाली ठेवलं आणि मान खाली घातली. मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे थांबले. किती वेळ ते माहीत नाही, माझे दोन्ही पाय बधिर झाले. मग तिने तिच्या त्या इंग्रजी-हिंदीच्या मिश्रणात मला उलट विचारलं, "मोठे मामा काय बोलले?"

मी म्हटलं, मामांनीच तर हे वाक्य शिकवलं. तिने पुन्हा विचारलं, "नाही. मामांनी लिहिलं का? ते बोलले का?"

मी म्हटलं, काय बोलायचं होतं? तिने मान हलवली. मग म्हणाली, "मॅडम, आधी मामांना विचारा." आणि नंदाला उचलून बागेत घेऊन गेली.

मला आधी हसू आलं. म्हटलं, फिजी बोलणारा एक माणूस भेटला तर हिने त्याला देवच करून टाकलं! पण कालपासून ते डोक्यातून जात नाही. तुम्हाला काय विचारायचं? त्यांच्यात असं असतं का? तुम्हालाच त्यातलं कळेल.

कानाचं मी हेमचंद्रला बोलले. तो म्हणाला, टाळी ऐकली ना तिने, मग झालं. डॉक्टरही दोन वर्षं म्हणाले आहेत, जूनमध्ये दोन पूर्ण होतील, तेव्हा बघू. मला जून फार लांब वाटतो.

कांचन


एडिसन
२ एप्रिल १९८७

चि. कांचन,

उशीर झाला, राग मानू नकोस. गुडघा, इन्कम टॅक्सचे कागद आणि वीणाच्या माहेरची माणसं, असं सगळं एकदम आलं.

लितिया म्हणते ते त्यांच्या रीतीला धरूनच आहे. घरात वडीलधारं माणूस असलं की त्याने बोलल्याशिवाय बाकीचे बोलत नाहीत. तिने मला तुझ्या घरचं वडीलधारं धरलं आहे, एवढंच. त्यात वेगळं काही नाही.

उन्हाळ्यात मी येतोच आहे. तेव्हा बघू आपण सगळं समोरासमोर. तोवर जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

जास्त लिहवत नाही. हात आखडला आहे.

मामा


फ्रीमाँट
शुक्रवार, २९ मे १९८७

प्रिय मामा,

एप्रिलनंतर तुम्ही पत्र पाठवलं नाहीत. मीही लिहिलं नाही. आता लिहिते आहे कारण लितिया गेली, आणि माझी चूक काय झाली तेच मला कळत नाही.

फिजीत चौदा तारखेला लष्कराने भारतीय वंशाच्या मंत्र्यांचा भरणा असलेलं सरकार उलथवलं, ते तुम्ही माझ्या आधी वाचलं असेल. टीव्हीवर रोज तेच. हेमचंद्र पहिल्या दिवशीच म्हणाला, "तिकडे ते आपल्या लोकांच्या मागे लागलेत, आणि आपण मुलगी त्यांच्या ताब्यात देतोय." मी त्याला गप्प केलं. लितियाने ह्यातलं अक्षरही काढलं नाही, नेहमीसारखी आठला आली, पाचला गेली. पण मी तिच्याकडे बघायला लागले, हे खोटं कशाला बोलू. ती नंदाशी काय करते, कशी बसते. नंदा तिच्या मांडीवरून माझ्याकडे यायला तयार नसायची, तेही आता खुपायला लागलं.

चोवीस तारखेला, रविवारी, दुपारी बेल वाजली. दारात लितिया आणि तिच्यामागे तिचा मोठा भाऊ, जोने. तो हेवर्डला राहतो, चर्चचा माणूस आहे, सहा फुटांवर उंच. त्या दिवशी त्याने तो त्यांचा लुंगीसारखा पोशाख घातला होता आणि वर कोट. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लांबट पुडकं. आत या म्हटलं, तर सोफ्यावर बसेचनात. दोघंही दाराजवळ गालिच्यावर मांडी घालून बसले. जोनेने पुडकं समोर ठेवलं, दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवलं आणि खालच्या आवाजात त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक म्हणायला लागला. मला एक शब्द कळला नाही.

मला वाटलं, भेट आणली आहे. मी काय म्हणणार? आपण म्हणतो तेच म्हटलं. "अहो, हे कशाला! नको, नको, उगाच कशाला त्रास!" आणि पुडकं दोन्ही हातांनी परत त्याच्याकडे सरकवलं. मनात होतं, तो आग्रह करेल, मग मी घेईन, मग चहा टाकीन. तेवढ्यात हेमचंद्र जिन्यावरून खाली आला. पुडक्यातून मातकट मुळ्या बाहेर आलेल्या त्याने पाहिल्या आणि इंग्रजीत म्हणाला, "आम्ही असलं काही घेत नाही. कागदपत्रांचं काही काम असेल तर वकिलाकडे जा." त्याला वाटलं, कोणाला तरी इकडे आणायला आमची सही हवी असणार.

जोनेने बोलणं थांबवलं. पुडकं उचललं, मान लववली आणि उठला. त्याने आग्रह केलाच नाही, मामा. लितियाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नंदा तिच्या पायाला मिठी मारून बसली होती, ते हात तिने एकेक करून सोडवले.

सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी ती आली नाही. बुधवारी तिच्या शेजारणीकडून निरोप आला, ती आता येणार नाही. हेमचंद्र म्हणतो, बरं झालं, न बोलता सुटलो. मी रजा टाकली आहे. शेजारच्या सुमित्राबाईंकडे नंदाला दोन दिवस ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी गुणी आहे हो, पण मी हाक मारून मारून दमले." नंदा दिवसभर दारात उभी असते.

ते पुडकं काय होतं? मी काय केलं?

कांचन


एडिसन
मंगळवार, २ जून १९८७, एक्सप्रेस

कांचन,

पत्र आत्ता आलं. वाचून लगेच बसलो आहे, कारण उठलो तर पुन्हा हात आखडेल. हात कधीच आखडला नव्हता.

पहिली गोष्ट पहिली. नंदाला ऐकू येत नाही. तिचे कान तपास, उद्याच्या उद्या. टाळीला ती वळली असेल तर सावलीला वळली असेल, नाहीतर हवेच्या झोताला. डॉक्टर थांबा म्हणाले तरी थांबू नकोस.

मला हे नोव्हेंबरपासून माहीत आहे.

भाऊबीजेनंतरचा दिवस होता, तुम्ही दोघंही ऑफिसात. नंदा माझ्याकडे पाठ करून ठोकळे रचत होती. माझ्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं. लितिया आतल्या खोलीतून धावत आली, इतका आवाज झाला. नंदाने मान वळवली नाही. मी ताट उचललं आणि मुद्दाम पुन्हा टाकलं. मग तिसऱ्यांदा. पोर ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होती.

मी आणि लितिया एकमेकांकडे बघत राहिलो. तिला आधीपासून कळलं होतं, माझी खात्री आहे. ती म्हणाली, मॅडमना सांगायला हवं. मी तिच्या भाषेत म्हणालो, "तू बोलू नकोस. ह्या घरचा मोठा मी आहे. मी सांगेन."

आता तुला तिच्या टॉवेलांच्या घड्या कळतील. वडीलधाऱ्याने एखादी गोष्ट सांगायचं अंगावर घेतलं, की त्याच्या आधी धाकट्याने तोंड उघडणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. ती थांबली. दिवाळीच्या फराळात विषय कशाला, म्हणून मी थांबलो. विमानतळावर तू पाया पडलीस आणि म्हणालीस, "मामा, तुम्ही आलात, नंदाला आजोबा मिळाले." मग तिथे तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर म्हटलं, पत्रात लिहू. आणि मग तुझंच पत्र आलं, की मत कसं विचारतात ते शिकवा. मी तुला विनोदी पत्र लिहिलं. लितिया शिकलेली नाही, तिला काय कळणार, असंही लिहिलं. ते वाक्य लिहिताना माझी मलाच लाज वाटली होती, तरी पाकीट चिकटवलं. फिजीची माणसं तोंडावर बोलत नाहीत, हे तुला दोन पानं समजावून सांगणारा मी, स्वतः कुठे बोललो!

त्या पुडक्यात यांगोना होता. ते त्याची मुळं कुटून पाण्यात कालवून पितात, पण न पिताही त्याला अर्थ असतो. वडीलधारा बोलेना, तेव्हा तिच्यापुढे एकच वाट उरली. आपल्या घरचा मोठा माणूस पुढे करायचा, मुळं समोर ठेवायची आणि त्याच्या तोंडून जे सांगायचं ते सांगायचं. समोरच्याने मुळं घेतली, की तो ऐकायला तयार आहे. परत केली, की कान बंद. त्यांच्यात आग्रह नसतो, पोरी. तुझं "नको नको" त्यांनी खरं धरलं.

ती तुला तुझ्या मुलीबद्दल सांगायला आली होती. तिकडे तिच्या देशात आपली माणसं आणि तिची माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली आहेत, आणि त्याच दिवसांत ती भावाला घेऊन तुझ्या दारात बसली.

मी काय सबब सांगू? मला वाटलं, मी बोललो नाही तर ते खरं होणार नाही. सात महिने गेले. तुझ्या सात महिन्यांचा मी चोर आहे.

तू म्हणशील तेव्हा येतो. म्हणणार नसलीस तरी समजेन.

प्रल्हाद


फ्रीमाँट
८ जून १९८७

मामा,

पत्र पोचलं. हेमचंद्रला वाचून दाखवलं. त्याने ते पुन्हा स्वतः वाचलं आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला.

तपासणी अठरा तारखेला आहे. त्याआधी कोणाकडेच वेळ नाही.

काल मी नंदाच्या मागे उभी राहून कुकरचं झाकण फरशीवर टाकलं. चार वेळा.

सध्या येऊ नका. लिहूही नका. तुम्ही काही प्रेमाचं लिहिलंत तर मला ते वाचवणार नाही.

कांचन


फ्रीमाँट
रविवार, १२ जुलै १९८७

मामा,

महिनाभर मी तुमच्यावर मनातल्या मनात इतकी ओरडले आहे, की आता घसा बसल्यासारखं वाटतं. राग गेलेला नाही. पण हे सांगायला मला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहिते आहे.

नंदाला झोपेचं औषध देऊन कानामागे तारा चिकटवल्या. मशीनवर रेघा येत होत्या, आणि रेघा बघणारी मुलगी काहीतरी टिपून घेत होती. मी तिला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली, डॉक्टर सांगतील. मला हसू फुटलं, मामा. सगळीकडे तेच! डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच नाही, जन्मापासून. यंत्रं लावू, थोडं मिळेल, पण फार आशा धरू नका. लवकर कळलं असतं तर? मी विचारलं. ते म्हणाले, कान असेच राहिले असते, पण सुरुवात आधी झाली असती. हे तुम्हाला कळवणं मला भाग आहे. बहिरी मुलं शिकतात ती शाळा आपल्याच फ्रीमाँटमध्ये आहे, घरापासून तीन मैलांवर. सप्टेंबरपासून घेणार आहेत.

मग लितिया. हेमचंद्र स्वतःहून म्हणाला, आपण जाऊ. हेवर्डला फिजीच्या हिंदी लोकांचं दुकान आहे, तिथे मुळं मिळाली. दुकानदाराने विचारलं, लग्न आहे का? हेमचंद्र म्हणाला, "नाही, माफी आहे." दुकानदाराने ती वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

जोनेच्या घरी आम्ही नंदाला घेऊन गेलो आणि दाराशीच खाली बसलो. हेमचंद्रची पँट घट्ट, मांडी घालताना शिवण उसवली, तरी तो उठला नाही. शब्द मी तुमच्याकडून मागवले नव्हते. मी मराठीतच बोलले. कोणाला कळलं नाही आणि सगळ्यांना कळलं. पुडकं पुढे सरकवलं आणि ते आता परत करतील म्हणून त्यांच्या हातांकडे बघत राहिले. जोनेने ते दोन्ही हातांनी उचललं. खोलीतल्या सगळ्यांनी ओंजळीने पोकळ टाळ्या वाजवल्या. मग लितिया माझ्यासमोर येऊन बसली.

मी विचारलं, "अ धावा ना नोमुनि राई?"

ती या वेळी थांबली नाही. म्हणाली, "एना नोंग्गु राई." आणि मग बोलतच सुटली, इंग्रजी, हिंदी, तिची भाषा, सगळं एकत्र. म्हणाली, मला दिसतं की ही मुलगी हुशार आहे. मला दिसतं की तिला दुखत नाही, दुखतं तुम्हाला. तुम्ही तिच्या पाठीमागून बोलता, दुसऱ्या खोलीतून बोलता, भांडी घासत बोलता. ती रोज सांगते, पण तुमच्या घरात कोणी बघत नाही. आणि मला दिसतं की मी चूक केली. मोठ्या माणसाची वाट मी फार पाहिली. मुलीपेक्षा मोठं कोण? हे म्हणून ती रडली. मामा, माफी ती मागत होती!

हेमचंद्रने विचारलं, "रोज सांगते म्हणजे? काय सांगते?"

लितियाने नंदासमोर बसून मूठ छातीवर दोनदा ठोकली. नंदाने लगेच ओठ फुगवून हात हलवला. लितिया म्हणाली, "तिला भूक नाही. मघाशी मासे दिले, तिला आवडले नाहीत, म्हणते वास येतो." मग एकामागून एक. पाऊस, कुत्रा, आंघोळ, झोप, नको, अजून, गरम, तू जा, तू ये. माझी मुलगी बोलत होती. तिला मासे आवडत नाहीत. जोनेची मिशी आवडते. हेमचंद्रला तिने डोळ्यांवर चष्म्यासारखी बोटं धरून दाखवलं, ते बाबा. तो बिचारा पुन्हा पुन्हा विचारत होता आणि ती पुन्हा पुन्हा दाखवत होती.

मग तिने माझ्याकडे बघून एक बोट डोळ्याखाली टेकवलं आणि गालावरून खाली ओढलं. हे तर ती घरी दिवसातून वीस वेळा करते. मला वाटायचं कातडी कोरडी पडली आहे, मी क्रीम लावायचे. मी लितियाला म्हटलं, हे काय? काही दुखतंय का तिला?

लितिया हातातल्या रुमालाची घडी घालायला लागली. आता तरी असं करू नकोस, मी म्हटलं, जे असेल ते सांग.

ती म्हणाली, "ते तुमचं नाव आहे, मॅडम. ती तुम्हाला हाक मारते."

मामा, दोन वर्षं मी 'आई' ऐकायला कान लावून बसले होते. तिने तर कधीच नाव ठेवलं होतं, जी दिसली तिचं. मी रात्री तिला थोपटताना रडते, गाडीतून उतरायच्या आधी रडते, तिला काय कळतंय म्हणून तिच्यासमोर खुशाल रडते. तिला सगळं दिसत होतं.

मी तिथेच रडायला लागले, म्हणजे नाव बरोबरच निघालं. नंदा खूश झाली, कारण शेवटी कोणीतरी तिच्याकडे बघत होतं. तिने पुन्हा बोट गालावरून खाली ओढलं. मी हात वर केला आणि तिला ओ दिली.

ऑगस्टमध्ये या. तिने तुम्हाला काय नाव ठेवलं, ते तिच्या समोर बसून तुम्हीच विचारा.

कांचन